डेबियन १३ आणि ६.१२ कर्नल: स्नॅपशॉटच्या वेळचा खोळंबा कमी होतो का?

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील काही टॉवेल कारखान्यांच्या मागांवरचे उत्पादन, सुताचा साठा आणि ऑर्डरी यांच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर सोलापुरातील आमचे कार्यालय सांभाळते. चालू पाळीची सगळी माहिती रेडिस या डेटाबेसमध्ये, म्हणजे थेट मेमरीत असते आणि तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, ठरावीक अंतराने डिस्कवर उतरवला जातो. पाळी बदलताना मुकादम मागामागाचे नग भरत असतो आणि नेमका तेव्हाच स्नॅपशॉट सुरू झाला, तर त्याच्या मोबाइलवरचे चक्र गरगरत राहते. तो बटण पुन्हा दाबतो आणि तीच नोंद दोनदा येते. सर्व्हरवरची डेबियन ही लिनक्स प्रणाली १२ वरून १३ वर नेताना आम्हाला एवढेच पाहायचे होते की हा खोळंबा कमी होतो का. त्यामुळे हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

खोळंब्याचे मूळ रेडिसमध्ये कमी आणि कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जास्त आहे. स्नॅपशॉटसाठी रेडिस ‘फोर्क’ करते, म्हणजे स्वतःसारखीच दुसरी प्रक्रिया जन्माला घालते; मूळ प्रक्रिया ही ‘आई’ आणि नवी ते ‘मूल’. या वेळी माहितीची प्रत होत नाही, कारण दोघींनी मेमरीची तीच पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, वाचायची आणि कोणी पानावर लिहू लागली तरच त्या पानाची प्रत काढायची, अशी व्यवस्था असते. पण कोणते पान कुठे आहे हे सांगणारी पेज टेबले मात्र बहुतांशी तेव्हाच उतरवून काढावी लागतात. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट यंत्रांवर पान ४ केबीचे आणि त्याची नोंद ८ बाइटची असते. १६ जीबी मेमरी वापरात असेल तर ४१,९४,३०४ नोंदी, म्हणजे ३२ एमबीची टेबले होतात.

नुसती ३२ एमबीची नक्कल करायला आजच्या यंत्राला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो प्रत्येक नोंदीमागच्या हिशेबात. कर्नलला प्रत्येक पानाची माहिती ठेवणाऱ्या रचनेपर्यंत जाऊन त्या पानाचे वापरकर्ते एकाने वाढवावे लागतात, आई आणि मूल अशा दोन्ही बाजूंची नोंद ‘फक्त वाचनासाठी’ करावी लागते आणि शेवटी प्रोसेसरने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसावे लागतात. या रचना मेमरीत विखुरलेल्या असल्यामुळे प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीचा (कॅशेचा) फारसा उपयोग होत नाही, आणि रेडिस सर्व आज्ञा एकाच धाग्यावर चालवत असल्यामुळे तोवर आलेली प्रत्येक विनंती ताटकळत राहते. रेडिसच्या स्वतःच्या माहितीपत्रात प्रत्यक्ष यंत्रावर ६.१ जीबीच्या प्रक्रियेला फोर्कसाठी ८० मिलिसेकंद लागल्याची नोंद आहे, तर झेन पद्धतीच्या एका आभासी यंत्रावर जवळजवळ तेवढ्याच मेमरीला १,४६० मिलिसेकंद लागल्याची. आकडे जुन्या यंत्रांचे आहेत, परंतु मेमरी वाढेल तसा खोळंबा वाढतो हे सूत्र आजही तसेच आहे.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आले आणि त्यासोबत ६.१२ हा दीर्घ मुदतीचा कर्नल मिळतो. डेबियन १२ मध्ये ६.१ होता. आमच्या कामाची सुधारणा या दोहोंच्या मध्ये, मे २०२४ च्या ६.९ मध्ये झाली. टेबल उतरवताना लागोपाठच्या नोंदी एकाच मोठ्या पानगठ्ठ्यातील, म्हणजे एकत्र दिलेल्या सलग पानांच्या संचातील, लागोपाठच्या पानांकडे जात आहेत असे दिसले, तर कर्नल आता त्या साऱ्यांचा हिशेब एकदम करतो: वापरकर्त्यांची संख्या एकाच वेळी (६४ केबीच्या गठ्ठ्यात सोळाने) वाढवतो, वाचनापुरत्या खुणा एकत्र करतो आणि नोंदी एकत्र लिहितो. गोदामात टॉवेल मोजणारा माणूस बांधलेल्या डझनाच्या गठ्ठ्यावर एकच रेघ ओढतो, सुटे नग मात्र त्याला एकेक करून मोजावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. याच आवृत्तीत मुलाची टेबले मोडून काढण्याचे कामही गठ्ठ्याने होऊ लागले, त्यामुळे स्नॅपशॉट संपून मूल बंद होतानाची झटापटही हलकी होते. सुट्या पानांसाठीचा जुना मार्ग तसाच ठेवला आहे.

अडचण अशी की नवी प्रणाली टाकून यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे हा लाभ मिळतो असे मुळीच नाही, आणि माझी मुख्य तक्रारही हीच आहे. गठ्ठ्याने मोजायचे तर आधी मेमरी गठ्ठ्याने दिलेली असावी लागते. ६४ केबीसारख्या मधल्या आकाराच्या पानगठ्ठ्यांची सोय ६.८ पासून आहे, पण २ एमबीचा आकार सोडून बाकी सर्व आकार मुळात बंद असतात. प्रणाली अद्ययावत केल्याबरोबर फोर्कचा वेळ तपासला, तर तो डेबियन १२ वर होता तेवढाच दिसतो आणि ‘यात काही दम नाही’ असे वाटून माणूस गप्प बसतो. त्यातच रेडिसची स्वतःची एक सावधगिरी आहे: प्रणालीभर मोठी (२ एमबीची) पाने देण्याची कळ, म्हणजे सेटिंग, ‘नेहमी’ अशी ठेवली असेल, तर रेडिस सुरू होतानाच आपल्या प्रक्रियेपुरती ती बंद करून टाकते, आणि या बंदीत मधल्या आकाराचे गठ्ठेही अडकतात. आम्हाला जमलेली वाट अशी की मोठ्या पानांची मुख्य कळ ‘कधीही नाही’ वर आणि केवळ ६४ केबीची कळ ‘नेहमी’ वर ठेवायची. मग रेडिस आडवी येत नाही आणि २ एमबीची पानेही मिळत नाहीत. हे बदल केल्यावर रेडिस एकदा बंद करून चालू करावीच लागते, कारण आधी घेतलेली सुटी पाने आपोआप गठ्ठ्यात बसत नाहीत. गठ्ठे खरोखर मिळत आहेत का, हे कर्नलच्या त्या आकारासाठीच्या फोल्डरमधल्या मोजण्यांवरून कळते. त्यांतली ‘गठ्ठा मागितला पण लहान पानावर भागवले’ ही मोजणी वेगाने वाढत असेल, तर मेमरी विस्कळीत झाली आहे असे समजावे.

एवढे केल्यावर फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. रेडिस शेवटच्या फोर्कला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत स्वतःच नोंदवून ठेवते, त्यामुळे वेगळ्या साधनाची गरज नाही. रेडिस नव्याने सुरू केल्यानंतरच्या पहिल्या स्नॅपशॉटला तो आकडा स्पष्टपणे खाली येतो.

मात्र पहिल्या स्नॅपशॉटवर भाळून जाऊ नये. फोर्कनंतर आईने एखाद्या पानावर लिहिले, तर कर्नल गठ्ठ्यातले तेवढेच ४ केबीचे पान वेगळे काढून त्याची प्रत करतो, आणि ही नवी प्रत सुटी असते. म्हणजे ज्या नोंदी सतत बदलतात, त्यांचे गठ्ठे प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर थोडे थोडे फुटत जातात आणि पुढच्या फोर्कला ती पाने पुन्हा एकेक करून मोजावी लागतात. ६.१२ मध्ये आणखी एक उणीव आहे: मूल संपून गेले, पान आता एकट्या आईचेच उरले, तरी मोठ्या गठ्ठ्यातल्या पानाबाबत कर्नलला ते खात्रीने ठरवता येत नाही आणि तो उगाच प्रत काढतो. हे कोडे २०२५ च्या ६.१५ मध्ये सुटले, पण डेबियन १३ च्या मूळ कर्नलवर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय गठ्ठ्यातली काही पाने सोडून दिली, तरी पूर्ण गठ्ठा लगेच मोकळा होईल याची खात्री नसते, त्यामुळे प्रक्रियेची प्रत्यक्ष मेमरी थोडी फुगलेली दिसते. आमच्याकडे मागांची चालू मोजणी हा लहान भाग सतत बदलतो. ऑर्डरी, डिझाइनचे तपशील आणि जुन्या पाळ्यांच्या नोंदी हा मोठा भाग जवळजवळ स्थिर असतो, म्हणून लाभ टिकून राहतो. ज्यांची सारीच माहिती तासातासाला बदलते, त्यांना तो तेवढा टिकलेला दिसणार नाही.

‘रेडिससाठी मोठी पाने सरसकट बंद करा’ हा सल्ला अनेक ठिकाणी डोळे मिटून पाळला जातो. फोर्कनंतर एका लहानशा बदलासाठी अख्ख्या २ एमबीची प्रत काढावी लागे, हे त्यामागचे एक ठळक कारण होते. परंतु २०२० च्या ५.८ पासून कर्नल अशा वेळी मोठ्या पानाची नोंद फोडून केवळ ४ केबीची प्रत काढतो. तो सल्ला खोटा नव्हता. पण त्याखालची जमीन सरकली आहे, हे सांगणारे कोणी भेटत नाही. तरीही २ एमबीची पाने मी सुचवणार नाही, कारण रेडिसमधील लहान लहान किल्ल्या (नोंदी) पुसल्या जाताना एवढी मोठी पाने अर्धवट रिकामी राहण्याचा धोका अधिक असतो.

पेज टेबलेच आई आणि मूल यांच्यात सामाईक ठेवून गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची कल्पनाही संशोधनात आहे. २०२१ च्या युरोसिस या संगणक प्रणालींवरील परिषदेत तिच्यावर निबंध आला होता आणि फोर्क मायक्रोसेकंदांत आणण्याचा त्यात दावा होता. मात्र ६.१२ कर्नलमध्ये ती सोय नाही, त्यामुळे आजच्या निर्णयात तिची गणना करता येत नाही.

ज्यांची रेडिस दोन-तीन जीबीत मावते, त्यांनी या खटाटोपात पडू नये. त्यांचा खोळंबा मुळातच लहान असतो. दहा जीबीच्या वरच्यांनी, आणि विशेषतः भाड्याच्या आभासी यंत्रावर असलेल्यांनी, हा बदल आधी दुय्यम यंत्रावर करून पाहावा. कळा लिहून ठेवल्या नाहीत तर यंत्र पुन्हा सुरू होताच पूर्ववत होतात, आणि उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत वीज जाण्याचे प्रसंग काही कमी नाहीत. ६.१२ मध्ये प्रत्येक आकाराची कळ थेट बूटच्या ओळीतच, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांतच, देण्याची सोय आली आहे. आम्ही ६४ केबीची कळ तिथेच लिहून टाकली आहे आणि रेडिसची सेवा त्यानंतर सुरू होत असल्यामुळे तिला पहिल्या पानापासून गठ्ठे मिळतात.