ट्रकच्या बॉडीसाठी ६०६१ घ्यावं की ५०८३?

कुपवाड एमआयडीसीत ॲल्युमिनियमची बॉडी बांधायला निघालेला माणूस आधी मिश्रधातूंचा तक्ता बघतो आणि ६०६१-टी६ कडे झुकतो. ६०६१ आणि ५०८३ हे ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू, टी६ आणि एच११६ या त्यांना कडक करण्याच्या प्रती. टी६ची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचा वाकायला लागण्याचा ताण, २७५ मेगापास्कलच्या आसपास, ५०८३-एच११६ची २१५. तक्ता खरा आहे, पण तो वेल्डिंग मारण्याआधीचा.

६०६१ला ताकद येते उष्णोपचाराने तयार झालेल्या बारीक कणांमुळे. आर्गॉन वेल्डिंगची आच लागली की वेल्डच्या दोन्ही बाजूंना सुमारे इंचभर पट्ट्यात हे कण बिघडतात. मग तुटण्याची ताकद ३१०वरून १६५च्या आसपास येते. ५०८३ची ताकद मुख्यतः त्यात मुरलेल्या मॅग्नेशियमची, ती आचेने जात नाही. वेल्डनंतरही २७५च्या आसपास टिकते. नुसतं वजन पेलायचं असेल तर ५०८३ सरळ जिंकतं.

पण बॉडी वजनाने क्वचितच तुटते, हादऱ्यांनी तुटते. आणि इथे दोन्ही मिश्रधातू जवळपास सारखेच! गेल्या पावसाळ्यात एक आडवा चॅनेल तपासायला आला होता. लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर मारली, आणि थोड्या वेळात बारीक लाल रेघ उमटली. वेल्डच्या पोटात नाही, वेल्ड जिथे संपून पत्रा सुरू होतो बरोबर त्या कडेला. थकव्याची, म्हणजे वारंवारच्या हादऱ्यांनी पडणारी भेग बहुतेक वेळा इथूनच निघते, कारण ताण तिथेच गोळा होतो. पत्रा कितीही भारी असला तरी वेल्डच्या कडेची ती खाच त्याला जुमानत नाही. तशाच स्टीलच्या जोडापेक्षा ॲल्युमिनियमचा जोड साधारण एक तृतीयांश चढउताराचा ताण सोसतो. उलट, जोडावरचा ताण निम्मा केला तर आयुष्य साधारण आठपट होतं.

म्हणून जास्तीचा पैसा जोडावर घाला, असं मी मनापासून सांगतो. ब्रॅकेट चॅनेलच्या खालच्या कडेला नको, मधल्या उंचीवर लावा. वेल्डचं टोक कोपऱ्यावर सोडू नका, वळसा देऊन पुढे न्या. वेल्डच्या कडा ग्राइंडरने गुळगुळीत करून घ्या. पावसात भिजलेला पत्रा तसाच टेबलावर घेऊ नका, ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये छिद्रं पाडतो.

तळ आणि बाजूंना मी ५०८३चा पत्रा घेईन. लांब चॅनेल ६०६१चे, कारण हवे तसे आकार त्यात साच्यातून दाबून सहज मिळतात. दोन्ही एकमेकांना जोडताना वेल्डिंगची तार ५३५६ मिश्रधातूची. ४०४३ची तार ६०६१वर छान वाहते, पण ५०८३वर ती लावली की जोड ठिसूळ होतो.

अपवाद एकच. माल गरम असेल आणि पत्रा बराच काळ ६५ अंशांच्या वर राहणार असेल, तर ५०८३ नको. जास्त मॅग्नेशियममुळे त्यात ताण आणि गंज मिळून भेगा पडू शकतात. तिथे कमी मॅग्नेशियमचा ५४५४ मिश्रधातू विचारा.