रिमोट ग्रॅब : खपतो रिमोटवर, चालतो तारेवर

मुंबई बंदराबाहेर अँकरेजला (नांगर टाकायच्या जागी) उभ्या जहाजातला कोळसा बार्जमध्ये (माल वाहणाऱ्या सपाट बोटीत) उतरवायचा, तर धक्क्यावरची क्रेन काही तिथवर पोचत नाही. जहाजाची स्वतःची क्रेन जेवढं उचलेल तेवढंच खरं. सुप्रामॅक्स (सुटा माल वाहणाऱ्या मध्यम मापाच्या) जहाजावर बहुधा पाच होल्ड (माल भरायचे कप्पे) आणि चार क्रेन असतात, ३० ते ३६ टनांच्या. त्यातल्या बहुतेक क्रेनना हुक एक आणि माल उचलायचा ड्रमही एकच. ग्रॅब म्हणजे क्रेनला लटकणारा, जबड्यांनी सुटा माल उचलणारा पंजा. धक्क्यावर दिसतो तो चार तारांचा ग्रॅब (दोन तारा धरायला, दोन मिटायला) इथे लावताच येत नाही, कारण त्याला दोन वेगळी ड्रम हवीत. उरतात दोन पर्याय: मोटर-पंपावर चालणारा इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ग्रॅब, आणि सिंगल रोप ग्रॅब, ज्याला सगळे नुसतं ‘रिमोट ग्रॅब’ म्हणतात. हे परीक्षण या दुसऱ्या पर्यायाचं, १२ घनमीटर मापाच्या ग्रॅबचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. कोळसा, युरिया असा हलका, सुटा माल बार्जमध्ये उतरवायचा असेल तर घ्यावा. लोहखनिजाला १२चा घेऊ नये. आणि विक्रेता रिमोटची डबी हातात देऊन ग्रॅब उघडून दाखवतो तेव्हा डबीकडे न बघता तारेकडे बघावं.

आत आहे काय? वर जड डोकं, खाली पुल्यांचा ठोकळा, दोघांना जोडणारे चार दांडे, आणि दांड्यांना लटकलेले दोन जबडे. डोक्यात हायड्रॉलिक सिलिंडर, तेलाची टाकी, एक व्हॉल्व्ह, बॅटरी आणि रेडिओचा रिसीव्हर. हुकाला जी तार लागते ती वरच्या-खालच्या पुल्यांतून फेरे घेते, आणि तिची लांबी शेवटी सिलिंडरच्या ताब्यात असते. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत पळतं, सिलिंडर तार सोडतो आणि जबडे मालाच्या नि स्वतःच्या वजनाने फाकतात. रिकामा ग्रॅब मालावर टेकला, तार सैल पडली, की सिलिंडर मूळ जागी येतो आणि तेल अडकतं. मग क्रेनने उचलायला घेतलं की तार ताणते आणि जबडे मिटतात. मेकप्रमाणे रचनेत थोडा फरक असतो, तत्त्व हेच. ग्रॅबवर मोटर नाही, क्रेनमधून लोंबणारी केबल नाही, केबल रील नाही. बॅटरीचं काम फक्त व्हॉल्व्ह हलवायचं. हाच याचा मोठा गुण. भर समुद्रात, लाटेवर हलणाऱ्या बार्जजवळ, जिवंत वीज वाहणारी केबल कशात तरी अडकून तुटण्याचा धोकाच उरत नाही.

आता आकडे, कारण फसगत इथेच होते. ‘१२ घनमीटर’ हे पोटाचं माप झालं, वजनाचं नाही. क्रेनची पाटी नीट वाचा. अनेक क्रेनवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ हुकने ३० टन आणि ग्रॅबने २४. दुसरा आकडा कमी, कारण ग्रॅबकामात दिवसाला शेकडो फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत क्रेनला हिसका बसतो. त्या २४ टनांतून ग्रॅबचं स्वतःचं वजन वजा करा. ते समजा ९ टन, तर मालासाठी उरले १५. कोळसा घनमीटरला साधारण ०.८५ टन, म्हणजे भरलेल्या ग्रॅबमध्ये १० टनांच्या आसपास. निवांत. चुनखडी १.४ धरली तर १७ टनांच्या जवळ, म्हणजे पाटीच्या वर. लोहखनिज २.३ ने गुणा: २७ टनांहून अधिक माल, वर ग्रॅबचे ९. ही बेरीज ३० टनांच्या हुकालासुद्धा झेपणारी नाही. ऑपरेटर म्हणतो, ‘अर्धाच भरतो ना’, पण ग्रॅब अर्धा भरणं त्याच्या हातात नसतं. सुट्या मालात ग्रॅब रुततो तेवढा भरतोच.

म्हणून ६ ते १२ घनमीटर असं माप बदलता येणारा ग्रॅब मागा. जबड्यांच्या बाजूला खिडक्या असतात आणि त्यांवर बोल्टने बसणारी झाकणं. झाकणं काढली की जास्तीचा माल तिथून सांडून जातो आणि पोट लहान होतं. झाकणं काढून ठेवली की हमखास हरवतात. ग्रॅबच्या नंबरासकट रंगवून, बोल्टची पिशवी त्यालाच बांधून ठेवा.

माल खणण्याच्या ताकदीबद्दल माहितीपत्रकं फार बोलत नाहीत. सिंगल रोप ग्रॅब मिटतो तो वरच्या ओढीने. म्हणजे जी तार जबडे मिटते, तीच त्याच वेळी अख्खा ग्रॅब वर उचलायला बघते. तारेला जेवढा ताण, तेवढं ग्रॅबचं वजन मालावरून कमी होतं. सैल कोळशात हे जाणवत नाही. पण पावसात भिजून बसलेला कोळसा, प्रवासात गठ्ठा झालेला युरिया, किंवा दाबून घट्ट झालेलं जिप्सम असेल तर ग्रॅब वरवर खरवडतो आणि अर्ध्या पोटी वर येतो. पुल्यांवर तारेचे फेरे जास्त असतील तर मिटायचा जोर वाढतो, मात्र मिटायला तार जास्त ओढावी लागते, वेळही जास्त जातो आणि पुल्यांवर झीजही. इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ग्रॅबचे सिलिंडर जबडे मिटत असताना क्रेनची तार सैल ठेवता येते, सगळं वजन मालावरच राहतं, म्हणून कडक मालात तो चांगला चावतो. रोज घट्ट मालच येणार असेल तर केबलचा त्रास सोसून तोच घ्या, रिमोटच्या नादी लागू नका.

वेग? क्रेनची एक फेरी सव्वादोन ते अडीच मिनिटं धरली तर तासाला २५ फेऱ्या, कोळशाचे २५० टन. कागदावर चार क्रेनचे तासाला हजार. प्रत्यक्षात निम्मं पदरात पडलं तरी बरं म्हणायचं: बार्ज बदलायला वेळ जातो, कोपऱ्यातला माल हाती लागत नाही, आणि होल्डच्या तळाशी पोचल्यावर प्रत्येक फेरीला कमी माल येतो. शेवटचा थर ग्रॅबने काढायचा हट्ट करू नये. पोकलेन किंवा छोटा लोडर होल्डमध्ये उतरवून माल हॅचच्या (होल्डच्या तोंडाच्या) मधोमध ओढून घ्यावा. तेव्हा ग्रॅब आणि पोकलेन एकाच वेळी एका होल्डमध्ये चालवायचे नाहीत. रोज मोडला जाणारा नियम हाच.

आता काय बिघडतं ते. रिमोट सगळ्यात कमी बिघडतो. बिघडते तार.

ग्रॅब टेकल्यावर ऑपरेटरने हुक आणखी खाली सोडला की तार सैल होऊन पुलीच्या खाचेतून उडते, पुली आणि बाजूच्या पत्र्यामध्ये चिमटली जाते, आणि पुढच्या उचलीत तिची लडी (बारीक तारांचा पीळ) चेपते. बाहेरून ती बरी दिसते. हात फिरवला (हातमोजा घालून, तुटकी तार सुईसारखी घुसते) की सपाट झालेला भाग कळतो. तो भाग नेहमी पुलीत फिरणाऱ्या लांबीत असतो, टोकाला नसतो. म्हणून तपासणी ग्रॅब पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून, दोन्ही अवस्थांत करायची. १९९० च्या गोदी कामगार सुरक्षा नियमांप्रमाणे तारेची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी हवी, आणि तिच्यातली एक जरी बारीक तार तुटलेली दिसली तर दर महिन्याला. ग्रॅबकामात हा हिशेब पुरत नाही. प्रत्येक जहाजाआधी बघा. पुलीची खाच तारेच्या मापापेक्षा अरुंद झिजली असेल तर नवी तारही महिन्याभरात जाईल. तार बदलताना पुली मोजलीच पाहिजे. सुट्या तारेचं एक भेंडोळं जहाजासोबत ठेवा, आणि ते त्याच जातीचं, त्याच व्यासाचं. ‘जवळपास तसलंच’ चालत नाही.

दुसरा त्रास ओठांचा. दोन जबडे मिटतात तिथल्या कडा झिजल्या की फट पडते आणि बारीक माल गळत राहतो. कोळशात धूळ उडते. युरियात सरळ पैसे पाण्यात. अंधार पडल्यावर मिटलेल्या ग्रॅबमध्ये टॉर्च ठेवून खालून बघा, प्रकाशाची रेघ जिथे जाड तिथे गळती. फट फक्त एका टोकाला असेल तर दोष ओठांचा नाही, दांड्याची पिन किंवा बुश झिजून जबडा तिरका बसतोय. तिथे ओठाला वेल्डिंग करून उपयोग नाही. घेतानाच बदलता येणारे, कडक पोलादाचे ओठ मागून घ्या.

सिलिंडरचं सील गळत असेल तर त्याचं लक्षण विचित्र असतं: मिटलेला ग्रॅब क्रेन फिरता फिरता हळूच एखादी बोटभर फाकतो. बार्जच्या आधी, पाण्यावरच माल सुटू लागतो. असा ग्रॅब त्याच क्षणी खाली ठेवायचा, ‘हा होल्ड होऊ दे’ नाही. कोळशाची बारीक धूळ तेलात गेली की सील जातं; फिल्टर आणि टाकीच्या हवेच्या झाकणाकडे कोणी बघत नाही म्हणून जातं. तेल कमी असेल तर उलट होतं, ग्रॅब नीट उघडत नाही आणि ऑपरेटर बॅटरीला शिव्या देत बसतो.

उघडण्याचा वेगही बघून घ्या. दहा टन माल एका दमात सुटला की क्रेनची बूम (लांब हात) वर उसळते, ड्रमवरची तार सैल पडून फेरे एकमेकांवर चढतात. तेलाच्या वाटेत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो शेवटपर्यंत सैल करून ठेवायची सवय आहे, दोन सेकंद वाचतात म्हणून. ते दोन सेकंद क्रेनच्या बेअरिंगमधून वसूल होतात. बार्जवर टाकताना तर आणखी एक कारण: दीड-दोन हजार टनांच्या बार्जच्या एका बाजूला धाडकन माल पडला की बार्ज कलते. अर्धं उघडून, थांबून, मग पूर्ण उघडता येईल असाच रिमोट घ्या.

रिमोटबद्दल तीनच गोष्टी. प्रत्येक ग्रॅबचा रिमोट वेगळ्या कोडचा असतो. चार ग्रॅब, चार डब्या, आणि पाळी बदलताना डब्यांची अदलाबदल ठरलेली. डबीवर आणि ग्रॅबवर हातभर मोठा एकच नंबर, एकाच रंगात. सिग्नल तुटला तर ग्रॅब मिटलेलाच राहिला पाहिजे, हे घेण्याआधी रिमोटची बॅटरी काढून तपासा. आणि ग्रॅबवर हाताने उघडायचा दांडा कुठे आहे ते पाळीवरच्या फोरमनला माहीत हवं, नाहीतर भरलेला ग्रॅब हवेत आणि खाली सभा.

एक भानगड जहाजाशी होते. तारेवर लटकलेला ग्रॅब हवेत फिरतो. ऑपरेटरने क्रेन झटक्याने फिरवली की तो होल्डच्या शिडीला, तिरक्या टाकीच्या पत्र्याला धडकतो, आणि कॅप्टन लगेच नुकसानीचा कागद पुढे करतो. होल्डचा तळ मात्र समजतो तितका नाजूक नसतो. आताच्या जहाजांच्या वर्गप्रमाणपत्रात (बांधणी तपासणाऱ्या संस्थेच्या दाखल्यात) ‘ग्रॅब २०’ असं लिहिलेलं दिसेल: म्हणजे २० टन वजनाचा रिकामा ग्रॅब गृहीत धरून तळाचा पत्रा मोजलेला आहे. आपला ग्रॅब ९ टनांचा. पण ही सूट टेकवण्याला आहे, आपटण्याला नाही.

जर्मनीचा पायनर या कामात जुनं नाव. स्वस्त बनावटीही भरपूर मिळतात. नाव कुठलंही असो, ग्रॅबसोबत लोड टेस्टचं प्रमाणपत्र, तारेचं वेगळं प्रमाणपत्र, तेलाची जात लिहिलेला कागद आणि सीलचा एक पूर्ण संच मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. सील इथे मिळतील म्हणणाऱ्याला विचारा, किती दिवसांत.

पावसाळ्यात बार्ज बंद असताना ग्रॅब पडून राहतो आणि खरं नुकसान तेव्हा होतं. जबडे मिटून लाकडी फळ्यांवर ठेवा, मातीवर नाही. डोकं कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांधा. तारेला पातळ ग्रीस, लडीच्या आत मुरेल असं. वरून थापलेलं जाड ग्रीस नुसती धूळ धरतं आणि आत गंज चालूच राहतो. बॅटरी काढून घरात न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. रिसीव्हरच्या डब्याचं रबर बघा. सप्टेंबरात पहिल्या जहाजाला लावण्याआधी रिकामा ग्रॅब वीसेक वेळा उघड-मीट करून मगच मालावर सोडा.