माझ्या पाटल्या नेणारे ‘पोलीस’

नवरात्राची तिसरी माळ होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी गंजगोलाईच्या जगदंबेला निघाले होते. एकटीच. हे जाऊन चार वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला असतात. हातात ४ तोळ्यांच्या पाटल्या होत्या, यांनी निवृत्तीच्या पैशातून केलेल्या. गळ्यात दीड तोळ्याची बोरमाळ. एरवी हे सगळं कपाटात असतं, देवीला जाताना घालावं म्हणून घातलं होतं.

लातूरची गोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावर, दुकानं उघडायची होती तेव्हा, मोटारसायकलवरून दोघं आले. अंगावर साधेच कपडे, पण केस बारीक कापलेले, पायात तांबडे बूट. एकानं खिशातून कार्ड काढून दाखवलं आणि लगेच आत घातलं.

“मावशी, थांबा. पोलीस आहोत. एवढं सोनं घालून एकट्या कुठं निघालाव? रात्री पुढच्या गल्लीत एका बाईला सुरी लावून लुटलंय. सायब तिकडं चेकिंगला थांबलेत.”

चौकातला नवरात्राचा खरा बंदोबस्त मी येताना बघितला होता. त्यामुळं मला शंकाच आली नाही. तरी मी घुटमळले. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस पायी आला. त्याला त्यांनी दरडावलं, गळ्यातली साखळी काढायला लावली, कागदात गुंडाळून त्याच्याच खिशात घातली. “बरं झालं साहेब, सांगितलंत,” म्हणून हात जोडून तो गेला. तो त्यांच्यातलाच होता, हे मला नंतर ठाण्यात कळलं. पण त्याला बघूनच माझा हात पाटलीकडे गेला, हे खरं.

पाटली मनगटावरून निघेना. तर त्यातला धाकटा म्हणाला, “हळू मावशी, हात दुखंल.” आणि माझा हात धरून त्यानंच ती सोडवली. माझ्या मुलापेक्षा लहान असेल. पुडी बांधली, दोरा गुंडाळला, माझ्या पिशवीत नारळाखाली ठेवली आणि घरी गेल्याशिवाय उघडू नका म्हणून दोनदा बजावलं. मी देवीची ओटी भरली, प्रदक्षिणा घातली, घरी आले. पुडीत दोन प्लास्टिकच्या बांगड्या होत्या आणि मूठभर खडी.

यापुढचं लिहायला मला जास्त जड जातंय. मी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला एवढं कळू नये का, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी माझे मोकळे हात बघितले आणि खोदून विचारलं. त्याच मला धरून ठाण्यात घेऊन गेल्या. तिथल्या महिला हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मावशी, त्याच दिवशी का नाही आलात?” आवाजात राग नव्हता. त्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दोघं नक्की आले असणार होते, पण तोपर्यंत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरलं गेलं होतं. मी घटकाभरात ११२ ला फोन केला असता तर निदान गाडीचा नंबर हाती लागला असता. ती दोन दिवसांची लाज मला पाटल्यांपेक्षा महाग पडली.

फिर्याद नोंदवून घेतली आणि तिची प्रत मला मोफत मिळाली. ती मिळणं आपला हक्क आहे, मागून घ्या. पुढचे प्रश्न विचारायला त्या बाई घरी आल्या. बाईमाणसाला, वय कितीही असो, आणि साठी ओलांडलेल्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, हे मला त्यांनीच सांगितलं. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची असते, हेही. रस्त्यात थांबवून अंगावरचं सोनं उतरवा आणि कागदात बांधा असं खरा पोलीस कधीच सांगत नाही. एवढी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर!

ती सांगायची सोय आहे, म्हणून माझी तळमळ होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याखाली राज्यानं २०१० मध्ये नियम केले. पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि त्यांची विचारपूस करायची, असं त्यात आहे. मी त्या यादीत नव्हते. अशी यादी असते हेच मला माहीत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही नव्हतं. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: तुमचे आई-वडील परभणीला, बीडला, उदगीरला, कुठंही एकटे असतील तर पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर त्यांना घेऊन ठाण्यात जा आणि नाव लिहून या. ‘आमचे आप्पा अजून खमके आहेत’ म्हणू नका. मीही खमकीच होते. बीट अंमलदाराचा, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडे असतो त्या पोलिसाचा, चेहरा त्यांना दाखवून ठेवा. खरा पोलीस कसा बोलतो हे एकदा ऐकलेलं असलं की खोटा लवकर ओळखू येतो.

दागिन्यांची पावती आणि फोटोही जपून ठेवा. मुद्देमाल सापडलाच तर तो कोर्टातून परत मिळतो, आणि तो आपला आहे हे दाखवावं लागतं. माझी पावती कधीच हरवली, पुतण्याच्या लग्नातला एक फोटो तेवढा उपयोगी पडला.

आता तर हेच लोक फोनवरून येतात. दिवाळीनंतर आमच्या विरंगुळा केंद्रातल्या एका निवृत्त बँकवाल्या भाऊंना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागं पोलिसांचं बोधचिन्ह. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही ‘डिजिटल अटके’त आहात, खोलीचं दार लावा, कुणाला बोलू नका. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. त्याच महिन्यात आमच्या हवालदार बाईंनी केंद्रात येऊन हे नीट सांगितलं होतं, म्हणून भाऊंनी फोन ठेवला आणि बाईंनाच फोन लावला. पैसे गेले असतेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचं, म्हणजे ते पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात. हा नंबर आणि ठाण्याचा नंबर मी जाड पेननं फोनशेजारच्या भिंतीवर लिहिलाय.

पाटल्या अजून सापडल्या नाहीत. पण माझं नाव आता यादीत आहे. मागच्या महिन्यात आधीच्या बाईंची बदली झाली आणि नवा तरुण अंमलदार दारात आला. मी ग्रील उघडलं नाही. कार्ड हातात मागून घेतलं, चष्मा लावून नाव वाचलं आणि भिंतीवरच्या नंबरवर फोन करून ठाण्यात विचारलं. तो उन्हात उभा होता, काही बोलला नाही. खात्री झाल्यावर मी कुलूप काढलं आणि त्याला माठातलं पाणी दिलं.