बडोद्यातील एका हृदयविभागाचा अनुभव: स्टेंट बसवण्यापूर्वी आणि त्यानंतर

बडोद्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या हृदयविभागात गेल्या हिवाळ्यात आमच्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने उघडून तिच्यात धातूच्या जाळीची बारीक नळी, स्टेंट, बसवली. कौतुक आणि तक्रार दोन्ही लिहायचे असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजाऱ्यांना आणि नातेवाइकांना इतर ठिकाणीही कमीअधिक असेच अनुभव आले आहेत, त्यामुळे नावापेक्षा तपशील उपयोगी पडेल असे वाटते. माझे मत आधीच सांगते. या विभागाचा हात उत्तम आहे, संवाद मात्र तोकडा आहे.

काकांचे वय 67. रक्तदाबाची गोळी जुनी, मधुमेह नाही. संध्याकाळी सूरसागर तलावाभोवती फिरताना छातीवर दडपण येई आणि उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत जाई. बसल्या जागी किंवा झोपेत कधी काही होत नसे. ट्रेडमिलवरच्या चाचणीत दोष दिसला म्हणून अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांतले अडथळे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहण्याची तपासणी, ठरली. दुखण्याची ही तऱ्हा नीट लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण हृदयविकाराचा झटका आणि चालताना होणारे हे स्थिर दुखणे यांत स्टेंटचे काम वेगवेगळे असते. झटक्यात धमनी गुठळीने अचानक बंद होते, स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत धमनी उघडली तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. तिथे विचार करत बसायचे नसते. स्थिर दुखण्यात मात्र 2007 साली प्रसिद्ध झालेल्या करेज या 2,287 रुग्णांच्या अभ्यासात आणि 2020 सालच्या इस्केमिया या 5,179 रुग्णांच्या अभ्यासात (यात भारतातील केंद्रेही होती) उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंटमुळे मृत्यू किंवा झटके कमी झालेले दिसले नाहीत. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा किंवा हृदयाची मंदावलेली पंपिंग क्षमता असलेल्यांची गोष्ट निराळी.

आमची तक्रार इथूनच सुरू होते. अँजिओग्राफी चालू असतानाच ती जिथे होते त्या खोलीच्या, कॅथ लॅबच्या, काचेच्या दारापाशी आम्हाला बोलावले गेले. हातमोजे न काढताच एका तरुण डॉक्टरांनी पडद्यावर काळ्या-करड्या रंगात हलणारी धमनी दाखवली. तिच्यातली एक जागा चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली आम्हालाही दिसली. समोरच्या धमनीत 80 टक्के, उजव्या धमनीत 60 ते 70 टक्के अडथळा आहे, काका टेबलावरच आहेत, दोन स्टेंट आत्ताच टाकून घेऊ, इथे सही करा, असे ते म्हणाले. संमतिपत्र इंग्रजीत होते. काकूंनी विचारले, ‘‘आज नाही टाकले तर काय होईल?’’ त्यावर ‘‘रिस्क आहे’’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये आरोग्य शिबिरातून अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलेल्या कडी तालुक्यातील गावकऱ्यांवर अँजिओप्लास्टी झाल्याचे आणि त्यातले दोघे दगावल्याचे प्रकरण गुजरातमध्ये कोणी विसरलेले नाही. अशा वेळी दारात उभे राहून सही मागणे रुग्णालयाच्याही हिताचे नाही. काकूंनी सही केली नाही.

त्यानंतर जे झाले त्याचे श्रेय मात्र द्यायलाच हवे. कोणी चेहरा वाकडा केला नाही, अँजिओग्राफीची सीडी मागताच हातात मिळाली आणि दुसऱ्या दिवशी विभागातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळे समजावले. ‘‘काकी, उतावळ नथी’’ (काकी, घाई नाही), ही त्यांची पहिली ओळ. स्टेंटमुळे चालताना होणारा त्रास कमी होईल. आयुष्य वाढवण्याचे काम मुख्यतः कोलेस्टेरॉलची आणि रक्त गोठू न देणारी गोळी, रक्तदाबावरचा ताबा आणि तंबाखू सोडणे यांचे आहे, असे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. आधी औषधे वाढवून पाहू, तरीही सूरसागराची फेरी पुरी होत नसेल तर स्टेंट, असे ठरले. हेच बोलणे आदल्या दिवशी दारात झाले असते तर घरातल्या चौघांची रात्र जागरणात गेली नसती.

औषधांनी थोडा फरक पडला, पण चढ चढताना दडपण राहिलेच, म्हणून काकांनी स्वतःहून स्टेंटचा निर्णय घेतला. त्रास कमी होणे हा केवळ मनाचा खेळ आहे का, ही शंका एके काळी रास्त होती; 2017 च्या ऑर्बिटा अभ्यासात काही रुग्णांवर फक्त लुटुपुटीची प्रक्रिया केली होती आणि भरपूर औषधे चालू असताना दोन्ही गटांच्या चालण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मात्र 2023 च्या ऑर्बिटा-2 मध्ये छातीदुखीची औषधे थांबवलेल्या 301 रुग्णांत खऱ्या स्टेंटने दुखणे स्पष्टपणे कमी झाले.

प्रत्यक्ष प्रक्रियेबद्दल बोट ठेवायला जागा नाही. मार्ग मनगटातून घेतला, जांघेतून नाही, त्यामुळे काका त्याच संध्याकाळी उठून बसले. मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा होता आणि ठरावीक वेळाने परिचारिका त्यातली हवा थोडी थोडी काढत होती. त्याआधी उजव्या धमनीत दाब मोजणारी तार घालून तिथला अडथळा खरोखर रक्त अडवतो का हे पाहिले गेले. अडथळ्याच्या पुढचा दाब आणि आधीचा दाब यांचे प्रमाण 0.80 किंवा त्याहून कमी आले तर स्टेंटचा विचार होतो, काकांचे 0.86 आले आणि दुसरा स्टेंट टळला. पहिल्या दिवशी दारात सही केली असती तर तो आज काकांच्या छातीत असता. या तारेचे वेगळे पैसे पडले आणि ते देताना मला अजिबात जड गेले नाही.

बिलाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे अनेकांचा गोंधळ होतो. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये आणि साध्या स्टेंटची 7,260 रुपये ठरवली. त्यापूर्वी औषधयुक्त स्टेंट लाखाच्या घरात विकला जाई. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलले, मर्यादा मात्र राहिली. पण ती फक्त स्टेंटला आहे. फुगा, तार, नळ्या, कॅथ लॅबचे भाडे आणि डॉक्टरांची फी धरून झालेला एकूण आकडा त्याच्या कितीतरी पट होता. या रुग्णालयाने स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्र दाखवले आणि खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून दिले. 3 मिलिमीटर व्यास, 28 मिलिमीटर लांबी, कोबाल्ट-क्रोमियमची जाळी, तिच्यावर सिरोलिमस औषध. सगळे त्यावर छापलेले होते. विमा कॅशलेस असूनही मंजुरीची वाट पाहत काका दिवसभर कपडे घालून पलंगावर बसून राहिले, ही तक्रार बहुधा रुग्णालयापेक्षा विमा कंपनीकडेच जाते.

खरी उणीव घरी आल्यावर कळली. डिस्चार्ज कार्ड संपूर्ण इंग्रजीत, गोळ्यांपुढे ओडी, बीडी, एचएस अशी अक्षरे. सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे आम्हाला रावपुऱ्यातल्या औषधवाल्याने पाकिटांवर लिहून दिले. आहाराच्या छापील कागदावर ओट्स आणि ऑलिव्ह तेल होते. फोडणीत तेल किती घालायचे, शेव-उसळ महिन्यातून एकदा तरी चालेल का, लोणचे-पापडाचे काय, यावर अक्षर नव्हते. व्यायाम हळूहळू कसा वाढवायचा हे शिकवणारा वर्ग नाही, निदान आम्हाला तरी कोणी सांगितला नाही.

त्याहून गंभीर गोष्ट दाताच्या निमित्ताने घडली. दाढ काढायची म्हणून दंतवैद्यांनी रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद ठेवायला सांगितले. नवा स्टेंट धमनीच्या आतल्या अस्तराने पूर्ण झाकला जाण्याआधी या गोळ्या अचानक थांबवल्या तर त्यात गुठळी होऊन झटका येऊ शकतो, म्हणूनच स्थिर दुखण्यात साधारण 6 महिने आणि झटक्यानंतर सहसा 12 महिने त्या दोन्ही चालू ठेवतात. पुढे एक बहुतेकदा कायमची राहते. कार्डावरच्या हेल्पलाइनवर फोन केला तर उत्तर देणाऱ्या मुलीकडे फक्त अपॉइंटमेंटची यादी होती. शेवटी ओपीडीत जाऊन, रांगेत बसून, डॉक्टरांकडून ‘गोळ्या थांबवू नयेत, दाढेचे काम पुढे ढकलावे’ असे दोन ओळींत लिहून आणले. ज्या घरात विचारायला जाणारे कोणी नाही, तिथे त्या गोळ्या बंदच झाल्या असत्या. तातडीचे नसलेले दातकाम आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सोडू नये, एवढे मोठ्या गुजराती आणि मराठी अक्षरांत कार्डाच्या पहिल्या पानावर छापायला रुग्णालयाला फारसा खर्च येणार नाही. मी तशी लेखी सूचना दिली आहे. पोच मिळाली, कार्ड अजून तेच आहे.

काका आता सूरसागराची फेरी न थांबता पुरी करतात. पुढच्या तपासणीला तिथेच जाणार आहोत, त्याच ज्येष्ठ डॉक्टरांची वेळ आधी घेऊन. सोमवारी सकाळी ओपीडीत फार गर्दी असते, दुपारनंतरची वेळ मागावी.