कोरलमधला लेअर-मॅक्रो : एका लग्नसराईनंतर

इंदूरमध्ये मराठी घरची पत्रिका छापायची म्हणजे बहुतेक वेळा एकाच फाइलमध्ये दोन भाषा येतात. नातेवाइकांसाठी मॅटर मराठीत आणि ऑफिसातल्या, बाजारातल्या मंडळींसाठी तेच हिंदीत. वरच्या गणपतीला सोनेरी फॉइल, कव्हरला डाय, म्हणजे आकारात कापायचा साचा. बॅकग्राउंड धरून पाच लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, होतात आणि त्यातून मराठी छपाई, हिंदी छपाई, फॉइलचा ब्लॉक आणि डाय अशा चार वेगळ्या पीडीएफ निघतात.

आमच्याकडे कोरल एक्स७ आहे, म्हणजे कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर. त्यात लेअरच्या नावाशेजारचा डोळ्याचा आयकॉन बंद केला की तो फक्त पडद्यावरून जातो. शेजारचा प्रिंटरचा आयकॉन चालू राहिला तर लेअर छपाईत आणि एक्स्पोर्टमध्ये येतोच. नवीन मुलांना हे पटकन पटत नाही. दिसत नाही ते छापलं कसं जाईल, असं त्यांना वाटतं. तिसरा आयकॉन पेन्सिलचा, म्हणजे लॉकचा. सगळ्या पानांना एकच लागू होणारे मास्टर लेअर सोडले तर हे सगळं पानागणिक वेगळं. चार पानांच्या पत्रिकेत पाच लेअर धरले तर साठ आयकॉन तपासायचे, तेही प्रत्येक पीडीएफच्या आधी.

भाच्याने लिहून दिलेला मॅक्रो, म्हणजे कोरलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम, हेच काम एका बटणात करतो. डोळा, प्रिंटर आणि पेन्सिल तिन्हींची स्थिती तो एका नावाखाली लक्षात ठेवतो आणि सगळ्या पानांवर एकदम लावतो. तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज वापरला.

मला त्यातलं ‘दुरुस्ती’ हे बटण सगळ्यात मोलाचं वाटतं. पत्रिका फायनल झाल्यावर मुलीचे काका येतात आणि स्वागतोत्सुकांत दोन नावं वाढवायला सांगतात. बटण दाबलं की दोन्ही भाषांचं मॅटर उघडं होतं, बाकी सगळं लॉक. डाय हलत नाही, गणपती सरकत नाही. शिवाय दोन्ही मॅटरचे प्रिंटर बंद असतात. घाईत तशीच पीडीएफ काढली तर मॅटर नसलेलं पान समोर येतं आणि तिथेच कळतं. चुकीची पत्रिका छपाईच्या प्लेटपर्यंत जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एवढा विचार करून त्याने ते बसवलं, याचं मला फार कौतुक आहे.

आता अडचणी. मॅक्रो ज्यात लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून लेअरची नावं रोमन लिपीतच ठेवावी लागतात, आणि ती अक्षरशः जुळावी लागतात. नावाच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी मॅक्रो तो लेअर ओळखत नाही. सुरुवातीला तो असे लेअर मुकाट्याने सोडून द्यायचा. आता न ओळखलेल्या लेअरची यादी दाखवतो. माझ्या मते ही सुधारणा वेगापेक्षा महत्त्वाची.

वेगासाठी मॅक्रो चालताना पडद्याचं रिफ्रेश बंद ठेवलं आहे. पहिल्या आवृत्तीत तो मध्येच अडकला की रिफ्रेश बंदच राहायचं आणि कोरल गोठल्यासारखं दिसायचं. एरर आली तरी ते परत चालू होईल अशी सोय भाच्याने नंतर केली.

पॉवरक्लिपपुढे, म्हणजे एका आकाराच्या (कंटेनरच्या) आत दुसरी वस्तू बसवण्याच्या सोयीपुढे, मात्र इलाज नाही. फॉइलची किनार पॉवरक्लिपच्या आत टाकली की ती कंटेनरच्या लेअरची होते, मग मॅक्रो तिला वेगळी काढू शकत नाही. फॉइलची प्रत्येक वस्तू बाहेरच ठेवायची, हा नियम आम्ही दुकानात केला आहे. दुसऱ्या डिझायनरची फाइल आली तर आधी क्लिप उघडून बघावं लागतं.

मॅक्रो दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर त्याची जीएमएस फाइल कोरलच्या जीएमएस फोल्डरमध्ये ठेवायची, कोरल बंद करून उघडायचं आणि कस्टमायझेशनमधून बटण टूलबारवर आणायचं. सोबत ठरलेल्या लेअरची टेम्प्लेट फाइलही द्या. नाहीतर समोरचा स्वतःच्या नावांचे लेअर करतो आणि पहिल्याच फाइलला ती न ओळखलेल्यांची यादी उघडते.