पक्की खरेदी, परतीची बोली की कन्साइनमेंट? पुस्तकांच्या दुकानात माल भरताना

पुस्तकांच्या दुकानाचा नफा माल घेताना ठरतो. बहुतेक पुस्तकांवर किंमत छापलेलीच असते, त्यामुळे विकताना भाव वाढवायला वाव नाही. दुकानदाराच्या हातात दोनच गोष्टी उरतात: प्रत किती सवलतीने घेतली आणि न खपलेल्या प्रतींचं काय झालं. या दोन्ही गोष्टी खरेदीच्या बोलीतच ठरून जातात. तरीही नवीन दुकानदार सजावटीवर आणि जाहिरातीवर महिनोन्महिने विचार करतात आणि वितरकाने पुढे केलेल्या अटींवर मात्र पाच मिनिटांत सही करतात.

बोली तीन प्रकारच्या. पक्क्या खरेदीत घेतलेला माल कायमचा आपला. धोका आपण पत्करतो म्हणून सवलत जास्त, ४५ ते ५० टक्के किंवा त्याहून वर. परतीच्या बोलीत न खपलेल्या प्रती ठरलेल्या मुदतीत परत जातात आणि सवलत ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास राहते. कन्साइनमेंटमध्ये माल दुकानात असतो, मालकी प्रकाशकाची किंवा लेखकाची. विकेल तसे पैसे द्यायचे आणि ठरलेलं कमिशन, बहुधा ४० टक्के, आपण ठेवायचं. आकडे ज्याच्या त्याच्याशी वेगळे ठरतात, फरकाची दिशा मात्र हीच.

आता एक हिशेब मांडू. एका पुस्तकाच्या १० प्रती घेतल्या, छापील किंमत १००. पक्की खरेदी ५० टक्क्यांनी, परतीची बोली आणि कन्साइनमेंट ४० टक्क्यांनी. परत पाठवायच्या प्रत्येक प्रतीमागे वाहतूक आणि गठ्ठा बांधण्याचा खर्च ४. पक्क्या खरेदीतल्या उरलेल्या प्रती एकतर ३० ला काढल्या, नाहीतर तशाच पडून राहिल्या. दुकानाच्या हाती राहिलेली रक्कम अशी:

| खपलेल्या प्रती | पक्की, उरलेल्या ३० ला | पक्की, उरलेल्या पडून | परतीची बोली | कन्साइनमेंट |
|---|---|---|---|---|
| १० | ५०० | ५०० | ४०० | ४०० |
| ९ | ४३० | ४०० | ३५६ | ३६० |
| ८ | ३६० | ३०० | ३१२ | ३२० |
| ७ | २९० | २०० | २६८ | २८० |
| ५ | १५० | ० | १८० | २०० |
| ३ | १० | –२०० | ९२ | १२० |

उरलेला माल वेळेवर सवलतीत काढायची तयारी असेल, तर १० पैकी ७ प्रती खपल्या की पक्की खरेदी पुढे जाते. ती तयारी नसेल, तर ९ खपाव्या लागतात. म्हणजे जो दुकानदार सवलतीचं टेबल मांडायला कचरतो, त्याने पक्की खरेदी फार जपून करावी. जास्तीच्या सवलतीचा मोह आवरण्यासाठी आणखी एक गणित लक्षात ठेवा: १० प्रतींवर ५ टक्के जादा सवलत म्हणजे ५०, आणि अंगावर पडलेली एक प्रतही ५० चीच. एक प्रत राहिली की जादा सवलत संपली.

या तक्त्यात वेळ धरलेला नाही. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठ्याची खरेदी किंमत, म्हणजे मालाचे फेरे. वर्षाला ४ फेरे होत असतील, तर एक प्रत सरासरी ३ महिने फळीवर असते. २ फेरे असतील, तर ६ महिने. उधारी ६० दिवसांची असेल, तर ४ फेऱ्यांच्या चांगल्या दुकानातही महिनाभराचा माल आपल्या खेळत्या भांडवलावरच उभा असतो. मंद विषयाचं पुस्तक पक्कं घेतलं, तर जादा सवलत कागदावर दिसते आणि पैसे मात्र अडकलेले राहतात.

परतीची बोली सगळ्यांना सुरक्षित वाटते. खरं काम तिथेच सर्वात जास्त आहे आणि पैसेही तिथेच गळतात. मुदत बहुधा बिलापासून ३ महिन्यांनंतर उघडते आणि १२ महिन्यांनी बंद होते. नवी आवृत्ती आली किंवा पुस्तक यादीतून काढलं, तर ती आधीच बंद होऊ शकते. त्यामुळे दर महिन्याला १२० दिवसांत एकही प्रत न खपलेल्या पुस्तकांची यादी काढायची आणि त्याच आठवड्यात निर्णय घ्यायचा. दहाव्या महिन्यावर ढकललं की गडबडीत चुका होतात.

परत गेलेले गठ्ठे नाकारले जातात त्याची कारणं ठरलेली आहेत. किमतीचं स्टिकर किंवा त्याचा चिकटा राहिलेला असतो, म्हणून परतीच्या मालावर स्टिकर लावूच नये. खिडकीतल्या उन्हाने कणा फिका पडलेला असतो. परत पाठवायला वितरकाने दिलेला परवानगी क्रमांक किंवा मूळ बिलाचा क्रमांक लिहिलेला नसतो. आणि सर्वात त्रासदायक चूक: तेच पुस्तक, तोच आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), दोन वितरकांकडून घेतलेलं असतं आणि एकाचा माल दुसऱ्याला जातो. यावर उपाय म्हणजे माल आला त्याच दिवशी संगणकात प्रत्येक बिलाखाली पुरवठादाराची नोंद करायची. नंतर आठवून काही सापडत नाही. खोकं १२ ते १५ किलोंच्या वर भरू नये. पुस्तकं आडवी रचावीत, पोकळ जागा कागदाने घट्ट भरावी, नाहीतर कोपरे चेपतात आणि प्रती आपल्याच खर्चाने माघारी येतात.

परतीचे पैसे रोख मिळत नाहीत, क्रेडिट नोट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम वितरकाकडे आपल्या नावावर जमा होते. त्यामुळे त्याच वितरकाकडून पुढचा माल घेत राहिलो तरच त्या पैशांचा उपयोग. बिल भरायची तारीख जवळ आली असेल, तर गठ्ठा तिच्या आधी पोचेल असं बघा, कारण उशीर झाला की पूर्ण बिल भरावं लागतं आणि जमा पुढच्या महिन्यावर जाते. क्रेडिट नोट आली की ओळीओळीने ताडून बघा. दोन-चार प्रती कमी जमा होणं नेहमीचं आहे आणि तक्रार उशिरा केली तर कोणी ऐकत नाही.

या बोलीचा एक तोटा हिशेबात दिसत नाही. परत जाणारच आहे म्हटलं की हात सैल सुटतो, ४ प्रतींच्या जागी १० घेतल्या जातात. परतीचं प्रमाण १०० मागे २५ च्या वर गेलं, तर खरेदीचा अंदाज चुकतोय असं आम्ही समजतो. आधी ३ ते ५ प्रती घ्याव्यात आणि संपत आल्या की लगेच पुन्हा मागवाव्यात.

पक्की खरेदी करायची ती जे पुस्तक आपण स्वतः विकू शकतो त्याची. वर्षानुवर्षं सारखी मागणी असलेली पुस्तकं, ग्राहकाने आगाऊ पैसे भरून मागवलेली पुस्तकं आणि दुकानातल्या कोणीतरी वाचून मनापासून आवडलेली पुस्तकं. मार्केटिंगचा पैसा आणि जागा इथेच लावावी. कणा बाहेर ठेवून मीटरभर फळीत साधारण ४० ते ४५ पुस्तकं मावतात. मुखपृष्ठ समोर ठेवलं, तर एकच पुस्तक सहा पुस्तकांची जागा खातं. ही महाग जागा परत पाठवता येणाऱ्या मालाला देणं म्हणजे ज्याचा धोका नाही त्याचीच जाहिरात करणं. पक्क्या मालाचं मुखपृष्ठ समोर ठेवा आणि खाली ३०-४० शब्दांची हाताने लिहिलेली शिफारस लावा, लिहिणाऱ्याच्या नावासकट. तिथे मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नये. पुस्तक कोणाला आवडेल ते लिहावं.

कन्साइनमेंट तक्त्यात परतीच्या बोलीपेक्षा बरी दिसते, कारण तिथे दुकानदाराच्या वेळेची किंमत धरलेली नाही. स्वतः पुस्तक छापणारे ४० लेखक आणि प्रत्येकाच्या तिमाही हिशेबाला १५ मिनिटं, म्हणजे दर तिमाहीला १० तास. म्हणून एका पानाचा करार हवाच: जास्तीत जास्त ५ प्रती, मुदत ९० दिवस, कमिशन, प्रत हरवली किंवा खराब झाली तर भरपाई कोणाची, आणि मुदत संपल्यावर प्रती कधीपर्यंत न्यायच्या. दुकानं जास्त अडकतात ती गल्ल्यात. १०० ला विकलेल्या प्रतीतले ६० आपले नसतात, पण ते गल्ल्यात मिसळतात आणि वीजबिलात जातात. ती रक्कम दर आठवड्याला वेगळ्या खात्यात टाकावी.

लेखकाच्या भेटीचा कार्यक्रम असेल, तर माल परतीच्या बोलीवरच घ्यावा आणि कार्यक्रमापुरती वेगळी बोली मागावी: पुस्तकं किमान आठवडाभर आधी यावीत आणि उरलेल्या प्रती ३ महिने न थांबता लगेच परत पाठवता याव्यात. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा. लेखकाची सही झालेली प्रत बहुधा परत घेतली जात नाही. कार्यक्रम संपल्यावर उत्साहात पूर्ण गठ्ठ्यावर सह्या घेतल्या, तर तो सगळा गठ्ठा पक्का होऊन अंगावर पडतो. जितक्या प्रती पक्क्या घेतल्या असत्या, तितक्याच सहीला पुढे ठेवाव्यात.

मग निवड कशी करावी? नव्या दुकानाकडे विक्रीची नोंदच नसते, त्यामुळे पहिल्या वर्षी बहुतांश माल परतीच्या बोलीवर असावा आणि पक्की खरेदी मालक स्वतः खात्री देऊ शकेल अशा थोड्या पुस्तकांपुरती. वर्षाची नोंद हाती आली की विषयवार बघावं आणि ज्या विषयात १० पैकी ७-८ प्रती वेळेत खपतात, तो विषय पक्क्या खरेदीकडे वळवावा.

वितरकापासून लांब असलेल्या दुकानाचं उत्तर वेगळं येतं. परतीचा खर्च प्रतीमागे ४ ऐवजी १२ धरा. ५ प्रती खपल्या तर परतीच्या बोलीत हाती १४० राहतात, पक्क्या खरेदीत उरलेल्या ३० ला काढून १५०. तिथे परतीची सोय नावापुरतीच उरते. वाहतूक वितरकाच्या अंगावर जात नसेल, तर परतीच्या सोयीसाठी १० टक्के सवलत सोडू नये.

आणि मधला मार्ग मागितल्याशिवाय कोणी देत नाही: थोडी कमी सवलत आणि मर्यादित परती. समजा १० प्रतींवर ४६ टक्के सवलत आणि त्यातल्या २ परत घेण्याची हमी. खर्च प्रतीमागे ४ च असेल आणि ८ प्रती खपल्या, तर हाती ३६० राहतात. पक्क्या खरेदीत उरलेल्या दोन प्रती स्वस्तात काढून जेवढे मिळाले असते तेवढेच, आणि सवलतीचं टेबल मांडावं लागत नाही. अशी बोली ठरली, तर ती प्रत्येक मागणीपत्रावर लिहावी आणि बिलावर उतरली आहे का ते माल उघडायच्या आधी तपासावं. वितरकाच्या संगणकातून नेहमीच्याच अटी छापून येतात आणि परतीच्या वेळी बिलावर छापलेलंच धरलं जातं.