गुणतक्त्याच्या मध्यावर सात हंगाम : ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ आठ महिने खेळल्यानंतर

‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ मी गेले आठ महिने जवळजवळ रोज खेळते आहे आणि या काळात एकच क्लब सांभाळला आहे, तो म्हणजे दक्षिण लंडनचा क्रिस्टल पॅलेस. आतापर्यंत सहा हंगाम पूर्ण झाले असून सातवा शेवटाकडे आला आहे. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने तयार केलेल्या आणि सेगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बाजारात आणलेल्या या खेळात चेंडूला आपला पाय कधीच लागत नाही. संघ निवडणे, डावपेच आखणे, खेळाडू घेणे आणि विकणे, त्यांचे पगार ठरवणे आणि संचालक मंडळाला उत्तरे देणे, एवढेच आपल्या हाती असते. सामन्यांचे चित्रण आणि डावपेचांची मांडणी यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, ते मी येथे बाजूला ठेवते. श्रीमंत क्लब आणि मधल्या स्थानांवरचे क्लब यांच्यातले अंतर नेमके कोठे तयार होते आणि ते बुजवणे इतके अवघड का असते, हे मला या खेळाने जसे उलगडून दाखवले, तसे यापूर्वी कशानेच दाखवले नव्हते. हा अनुभव त्याविषयीचा आहे.

पॅलेस निवडण्यामागे कारण होते. २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, परतल्यापासून २०२४-२५ पर्यंतच्या बारा हंगामांत हा क्लब एकदाही दहाव्या क्रमांकाच्या वर गेला नाही आणि पंधराव्याच्या खाली घसरला नाही. मधल्या फळीतला क्लब म्हणजे काय, याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण आहे. सेलहर्स्ट पार्क हे त्याचे मैदान सुमारे २५ हजार प्रेक्षकांचे आहे, तर त्याच शहरातल्या आर्सेनलच्या मैदानात ६० हजार लोक बसतात.

पहिले दोन हंगाम मी सगळे लक्ष डावपेचांवर दिले. संघ अकरावा आला, मग नववा. अंतर असेल तर ते प्रशिक्षणाचे आणि हुशारीचे असेल, अशी माझी त्या वेळी समजूत होती, कारण श्रीमंत संघांना हरवणे काही अशक्य वाटत नव्हते. घरच्या मैदानावर आम्ही दोन मोठ्या संघांना हरवलेही. एका सामन्यात अंतर दिसत नाही. ते चौथ्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात दिसले, आणि तो उन्हाळा मला तपशिलाने सांगितला पाहिजे.

आमच्या अकादमीतून सोळाव्या वर्षी वर आलेला एक डावखुरा विंगर (मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा खेळाडू) होता (खेळाने स्वतः निर्माण केलेला, प्रत्यक्षात नसलेला खेळाडू). त्याला मी आधी चषक स्पर्धांत, मग शेवटच्या वीस मिनिटांसाठी आणि नंतर पूर्ण सामन्यांत उतरवले. एकोणिसाव्या वर्षी त्याने लीगमध्ये तेरा गोल केले, संघ सातवा आला आणि युरोपा कॉन्फरन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या क्लब स्पर्धेत, जागा मिळाली. संचालक मंडळ अतिशय खूश होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, खेळणाऱ्या एका क्लबची बोली आली. मी ती फेटाळली. दोन दिवसांनी तो मुलगा भेटायला आला आणि एवढ्या मोठ्या संधीच्या आड का येता, असे त्याने विचारले. नकार द्यावा तर तो नाराज होतो, ड्रेसिंग रूममधले त्याचे मित्र त्याची बाजू घेतात आणि आठवडाभरात अर्धा संघ आपल्याकडे पाठ फिरवतो, हे मला आधीच्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून नऊ कोटी पौंडांची बोली आली तर सोडीन, असे वचन दिले. इतकी रक्कम कोणी देणार नाही, असा माझा हिशेब होता. पाचव्या दिवशी नेमकी नऊ कोटींची बोली आली.

आमच्याकडे सर्वाधिक पगार घेणाऱ्या खेळाडूला आठवड्याला १ लाख १० हजार पौंड मिळत होते. त्या मुलाला नव्या क्लबने २ लाख ४० हजार दिले. मी त्याला तेवढे देऊ केले असते तर कर्णधारापासून राखीव गोलरक्षकापर्यंत प्रत्येकाच्या एजंटने वाढ मागितली असती. आलेल्या नऊ कोटींपैकी मंडळाने माझ्याकडे साठ टक्केच दिले. त्यातून तीन खेळाडू घेतले, तिघेही बरे होते, पण त्याच्या जागी उभा राहील असा एकही नव्हता. शिवाय गुरुवारी युरोपात खेळून रविवारी लीगचा सामना खेळायचा, तर संघात जास्त माणसे हवीत, म्हणून पगाराचा बोजाही वाढला. आम्ही तेराव्या स्थानावर आलो. युरोपच्या आशेने आलेल्या दोघांनी पुढच्या उन्हाळ्यात क्लब सोडला. ज्या हंगामाने क्लबला पुढे न्यायचे, त्याच हंगामाने त्याला दोन वर्षे मागे नेले.

या ठिकाणी मी खेळ थांबवला आणि खऱ्या जगातले आकडे वाचायला बसले, आणि हीच या खेळाची सर्वांत मोठी शिफारस आहे असे मी मानते, कारण आकडे वाचताना प्रत्येक ठिकाणी मला माझाच क्लब दिसत होता. प्रीमियर लीगच्या पैशांची वाटणी तशी बरीच समतोल आहे. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सर्व वीस क्लबांना सारखा मिळतो, पाव भाग क्रमांकानुसार आणि पाव भाग किती सामने दाखवले गेले त्यानुसार वाटला जातो. २०२३-२४ मध्ये विजेत्या मँचेस्टर सिटीला लीगकडून १७ कोटी ५९ लाख पौंड मिळाले आणि तळाच्या शेफील्ड युनायटेडला १० कोटी ९७ लाख. म्हणजे पहिल्या आणि विसाव्या क्लबात फरक सुमारे १.६ पटींचा. पण त्याच वर्षी सिटीचे एकूण उत्पन्न ७१ कोटी ५० लाख पौंड होते आणि पॅलेसचे १९ कोटींच्या आसपास, म्हणजे पावणेचार पटींचा फरक. हा वाढीव फरक लीगमधून येत नाही. तो चॅम्पियन्स लीग, प्रायोजक आणि मोठ्या मैदानातून येतो. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीग छत्तीस संघांची झाली आणि केवळ सहभागासाठी प्रत्येक संघाला १ कोटी ८६ लाख युरो मिळू लागले. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संस्थेच्या तिन्ही क्लब स्पर्धांच्या बक्षिसांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम या एका स्पर्धेकडे जाते. कॉन्फरन्स लीगच्या वाट्याला दहा टक्केही येत नाहीत. माझा संघ सातवा येऊन ज्या स्पर्धेत गेला होता, ती हीच.

खर्चावर मर्यादा घालणारे नियम अंतर कमी करतील, असे मला पूर्वी मनापासून वाटत असे. आता वाटत नाही. तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा करायचा नाही, हा प्रीमियर लीगचा नियम ऐकायला न्याय्य आहे, पण विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते आणि अकादमीतल्या मुलाची मात्र ताळेबंदात काहीच किंमत नसल्याने त्याच्या विक्रीची पूर्ण रक्कम नफा म्हणून दिसते. साहजिकच हिशेब जुळवायची वेळ आली की क्लब प्रथम स्वतःच्या मुलांकडे बघतो. नॉटिंगहॅम फॉरेस्टची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, त्यांच्याच अकादमीत घडलेला खेळाडू. जून २०२३ अखेर हिशेबाचे वर्ष संपण्यापूर्वी घाईने विकण्याऐवजी क्लब उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत थांबला आणि त्याला टॉटनहॅमकडून अधिक चांगली किंमत मिळाली. पण ती पुढच्या वर्षाच्या खात्यात गेली, तोट्याची मर्यादा ओलांडली गेली आणि मार्च २०२४ मध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. नियम मोडला होता हे खरे आहे. तरीही धीराने वाट पाहून योग्य भाव मिळवणारा क्लब शिक्षेस पात्र ठरतो, हे मला आजही पटत नाही.

२०२६-२७ पासून इंग्लंडमध्ये या नियमाची जागा नवा नियम घेणार आहे. संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, युरोपात खेळणाऱ्यांना युएफाची मर्यादा ७० टक्क्यांची. वरचेच उत्पन्न धरून ८५ टक्के काढले तर सिटीला सुमारे ६० कोटी ८० लाख पौंड खर्च करता येतात आणि पॅलेसला १६ कोटी १५ लाख. खेळाडूंच्या विक्रीतला नफाही यात मोजला जातो, त्यामुळे पॅलेसची मर्यादा थोडी वाढेल, पण कशामुळे वाढेल? पुन्हा विकण्यामुळेच. टक्केवारी सर्वांना सारखी असली की अंतरही तेवढेच कायम राहते, हे समजायला मला खेळातल्या अर्थसंकल्पाच्या पट्टीने फार मदत केली. ती पट्टी खरेदीकडून पगाराकडे सरकवता येते, पगाराकडून खरेदीकडे सरकवता येते. पट्टीची लांबी मात्र वाढत नाही.

खऱ्या पॅलेसने तर माझ्या कल्पनेच्याही पुढे मजल मारली. १७ मे २०२५ रोजी वेम्बलीवर एबेरेची एझेच्या गोलने त्यांनी मँचेस्टर सिटीला १-० ने हरवले आणि एफए कप जिंकला. क्लबने इतिहासात जिंकलेली ही पहिली मोठी स्पर्धा. त्या विजयाने युरोपा लीग या दुसऱ्या दर्जाच्या युरोपीय स्पर्धेतली जागा मिळाली होती, पण एकाच गुंतवणूकदाराचा हात दोन क्लबांमध्ये असण्याविषयीच्या युएफाच्या नियमामुळे ती गेली आणि त्यांना कॉन्फरन्स लीगमध्ये उतरावे लागले. अंतिम सामन्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, एझे आर्सेनलला गेला. त्याआधीच्या वर्षी मायकल ओलिसे बायर्न म्युनिकला गेला होता. एझे लहानपणी आर्सेनलच्याच अकादमीत होता आणि तेथून त्याला सोडून देण्यात आले होते, त्यामुळे त्याच्या परतण्याचा मला आनंदही झाला. पण सेलहर्स्ट पार्कवर पाच वर्षे त्याला घडताना पाहिलेल्यांनी त्या आठवड्यात काय सोसले असेल, हे मला माझ्या त्या काल्पनिक विंगरमुळे थोडेसे तरी कळले.

याच ठिकाणी खेळाची मर्यादाही जाणवते. समर्थकांची नाराजी येथे एका श्रेणीत दिसते, ती आपण वाचतो आणि पुढच्या पानावर जातो. महिलांचे फुटबॉल या आवृत्तीत नाही. ज्यांना झटपट चषक जिंकायचे आहेत त्यांनी मोठा क्लब घ्यावा, त्यांना काही उणे वाटणार नाही. पण बातम्यांमध्ये ‘स्पर्धेतला समतोल’ हे शब्द वाचून ज्यांना त्यांचा खरा अर्थ समजून घ्यायचा आहे, त्यांनी दहाव्या ते पंधराव्या क्रमांकातला एखादा क्लब घेऊन निदान चार हंगाम काढावेत. पहिले दोन पुरेसे नाहीत, कारण तोवर आपल्याकडे कोणी विकत घ्यावे असे काही तयारच झालेले नसते.

माझ्या सातव्या हंगामाचे पाच सामने उरले आहेत आणि संघ आठवा आहे. अकादमीतून आलेल्या सतरा वर्षांच्या एका मध्यरक्षकाशी काल करार करायला बसले. पगार, बोनस, चार वर्षांची मुदत, सगळे जुळले. रिलीज क्लॉजची, म्हणजे ठरलेली रक्कम आली की खेळाडूला सोडावेच लागेल अशा अटीची, ओळ मी काढून टाकली, तशी एजंटने पगाराची मागणी दुप्पट केली. ओळ परत घातली, पगार खाली आला. तीन वेळा हेच झाले. मग त्याने सहा कोटी पौंडांच्या आकड्यापुढे कुलूप लावले, त्याचा संयम संपत आल्याची खूण पडद्यावर दिसू लागली, आणि मी सही केली.